मशीन आल्या आन काय काय बदललं : आयटीआयच्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो, त्याच्या आधी अकरा वर्षं वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला (पत्रा दाबून पार्ट काढायच्या खात्याला) होतो, गाव मानवतकडचं. पहिले दोन महिने पोरांच्या हातात नुसती कानस असते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमधे धरायचा आन घासायचा, गुण्या लावून उजेडाकडं बघायचं, फट दिसली की परत घासायचं. तासाभरात हात भरून येतात आन मग पोरांना एकदम इतिहासाची आवड निर्माण होते, म्हणजे सर बोलत राहिले की तेवढाच हाताला आराम. दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहूनच काढले.

सर, औद्योगिक क्रांती म्हणजे नेमकं झालं काय? पुस्तकात नुसत्या सनावळ्या आहेत.

सनावळी थोडी लागतेच, पण कमी सांगतो. साधारण १७६० नंतर इंग्लंडात सुतापासून सुरू झालं. विणकराचा हात चालायचा भराभर पण त्याला सूत पुरायचं नाही, एका मागामागं घरातल्या आन शेजारच्या कितीतरी बायका चरख्यावर बसलेल्या असायच्या. मग हारग्रीव्हज नावाच्या विणकरानं जेनी काढली, एकच चाक फिरवायचं आन आठ चात्यांवर सूत निघायचं. ही जेनी घरात मावत होती बरं का. पुढं आर्कराइटनं पाण्याच्या जोरावर चालणारी फ्रेम आणली, ती काही कुणाच्या ओसरीत मावेना, म्हणून १७७१ ला क्रॉमफर्डला पाण्याच्या कडेला तिच्यासाठी बिल्डिंगच बांधली. मला विचाराल तर खरी भानगड त्या बिल्डिंगपासून सुरू झाली. तोवर काम माणसाच्या घरी यायचं, इथून पुढं माणूस कामाच्या घरी जायला लागला, तेही दुसऱ्यानं ठरवलेल्या वेळेला. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं ह्याच्यातच आहेत.

पण मशीन तर आधी पण होत्या ना? आपली पाणचक्की?

होत्या की. संभाजीनगरची पाणचक्की (आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं) अठराव्या शतकातली, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळातून आणून त्याच्यावर जातं फिरवलंय आन दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी धान्य दळलंय. डोकं आपल्याकडं कमी नव्हतं हे सांगायला हे उदाहरण लै भारी आहे, पण लोक तिथंच थांबतात. पाणचक्की जिथं पाणी तिथंच चालते आन पाणी असेल तेवढीच चालते, तिच्यासारखी दुसरी उभी करायची तर परत डोंगर आन झरा बघा. वाफेचं इंजिन आल्यावर हे बंधन तुटलं, कोळसा नेता येईल तिथं ताकद नेता यायला लागली.

इंजिन जेम्स वॉटनं शोधलं ना? किटलीचं झाकण बघून?

किटली सोडा. न्यूकॉमेनचं इंजिन १७१२ पासून कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसत होतं, म्हणजे आपण विहिरीवर मोटर बसवतो तसंच, फक्त कोळसा बेक्कार खायचं. वॉटनं वाफ थंड करायचं भांडं वेगळं केलं आन कोळसा वाचवला, त्याचं पेटंट १७६९ चं. आता फिटरच्या पोरांनी इथं कान द्या. पेटंट मिळालं तरी पुढची कितीतरी वर्षं इंजिन धड चालेना, कारण सिलेंडर नीट गोल मिळेना. पिस्टन आन सिलेंडरच्या मधून वाफ फुसफुस निघून जायची, चिंध्या कोंबून बघितल्या, काही काही करून बघितलं. डिझाइन कागदावर बरोबर आन जॉब चुकलेला, तुमच्यासारखंच.

तो प्रश्न सोडवला विल्किन्सन नावाच्या लोखंडवाल्यानं. त्याचा धंदा तोफांचा, त्यानं १७७४ ला तोफेची नळी आतून कोरायचं नवीन बोरिंग मशीन काढलं आन तसंच मशीन वापरून वॉटला सिलेंडर कोरून दिले. वॉटचा पार्टनर बोल्टन यानं कौतुकानं लिहून ठेवलंय की ५० इंची सिलेंडरात एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढा पण फरक नव्हता. आज मी तुमच्याकडून जी फिनिश मागतो तिच्यापुढं शिलिंगची जाडी म्हणजे शेताचा बांध झाला, पण तेवढ्यावर जग हललं. मग मॉडस्लेची आटे पाडायची लेथ आली, १८४१ ला व्हिटवर्थनं सगळ्यांनी एकाच मापाचे आटे पाडायचं सुचवलं. त्याच्या आधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. मशीन बनवणारी मशीन आली तेव्हा हे सगळं पसरलं, आन ह्याच्यावर पुस्तकात दोन ओळी पण नसतात कारण पुस्तक लिहिणाऱ्यांनी कधी कानस धरलेली नसते, जाऊ द्या.

इंग्लंडातच काऊन झालं?

जमिनीखाली कोळसा, घरात पैसा, समुद्रात जहाजं आन हाताखाली वसाहती. कापूस दुसऱ्याच्या रानातला आन कापड विकायला बाजार पण दुसऱ्याचाच. अमेरिकेत १७९३ ला व्हिटनीनं सरकी काढायचं जिन बनवलं, लोकांना वाटलं कष्ट कमी होतील, पण झालं असं की कापूस पिकवणं एवढं परवडायला लागलं की गुलामगिरी उलट वाढत गेली. मशीननं कष्ट कमी होतात हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कुणाचे?

ते मशीन फोडणारे लोक अडाणी होते का?

लुडाइट म्हणतात त्यांना, १८११ पासून नॉटिंगहॅमकडं सुरू झालं. अडाणी कसले, चांगले हातखंडा असलेले कारागीर होते ते, मशीनवर कामच करायचे. त्यांचा राग असा की मालक स्वस्तातला माल काढायचा, नवशिक्याला कमी मजुरीवर बसवायचा आन भाव पाडायचा. सरकारनं १८१२ ला मशीन फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली. मशीनच्या जिवापायी माणसाचा जीव.

मग आपल्या मराठवाड्यात हे कधी आलं?

आपल्याकडं ते आलं ते न्यायला आलं, असं आमचे अण्णा म्हणायचे, आन मला त्याच्यापेक्षा चांगलं उत्तर अजून सापडलं नाही.

मुंबईत बघा, रेल्वे १८५३ ला, दावर यांची पहिली कापड गिरणी १८५४ ला काढली आन दोन वर्षांनी चालू झाली. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, मग मुंबईतून कापसाचा नुसता पूर लागला आन भाव आभाळाला. युद्ध संपलं, भाव धाडकन खाली. जगाच्या दुसऱ्या टोकाला गोळी सुटली तर इथल्या काळ्या रानातल्या माणसाचं घर वर-खाली होतं हे तेव्हापासून सुरू झालं, आजचा सोयाबीनचा भाव त्याचाच नातू.

आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. मनमाडवरून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादकडं जाणारी मीटरगेज विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. मनमाडला ब्रॉडगेज, आपली मीटरगेज, म्हणजे गठाणी तिथं उतरवायच्या आन दुसऱ्या डब्यात भरायच्या, हे जवळजवळ नव्वद वर्षं चाललं. लातूरकडं तर त्याच्याहून बारकी, अडीच फुटी रुळाची बार्शी लाइट रेल्वे, १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आन नंतर लातूरपर्यंत वाढवली. रेल्वेच्या कडंकडंनं जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या, सेलू, मानवत, परभणी, जालना. कापड गिरण्या त्या मानानं बोटावर मोजण्याइतक्या, औरंगाबादेत एक होती, नांदेडची उस्मानशाही मिल लै नावाजलेली, आता तिचं नाव म्हाताऱ्यांच्याच तोंडात आहे.

जिनिंगमधे काय होतं, कापसातून सरकी निघते, रुईची गठाण बांधली जाते आन गाडीत चढते. सूत बाहेर, कापड बाहेर, आन तेच कापड परत आपल्या बाजारात येतं कितीतरी चढ्या भावानं. माझे वडील हंगामात जिनिंगला जायचे, रात्री घरी आले की भुवयांवर, कानाच्या केसांवर पांढरं तंतू बसलेलं, माय आधी अंगणातच फडक्यानं झाडायची आन मग आत घ्यायची. पांढरा खोकला म्हणायचे त्याला आमच्याकडं.

एमआयडीसी १९६२ ला स्थापन झाली, मग चिकलठाणा, आन १९८५ ला वाळूजला बजाजचा प्लॅन्ट आला तेव्हा खेड्यातला पोरगा पहिल्यांदा घरून डबा घेऊन कंपनीत जायला लागला. जालन्याचं स्टील, शेंद्र्याची एमआयडीसी वगैरे तुम्हाला माहीतच आहे. मँचेस्टरात १८०१ ला पाऊण लाखाच्या आसपास वस्ती होती ती १८५१ ला ३ लाखांच्या वर गेली. ते वाचलं की मला वाळूजकडच्या बजाजनगर आन रांजणगावच्या दहा बाय दहाच्या रूमा आठवतात, एका रूममधे तीन शिफ्टचे सहाजण, गाद्या कधी थंडच व्हायच्या नाहीत.

बलुतेदारांचं काय झालं?

एकदम नाही मेलं, एकेक दोरी सुटत गेली. लोखंडी नांगर आला (किर्लोस्करांचं नाव घराघरात गेलं ते नांगरामुळंच), लाकडी नांगर भरायचं सुताराचं काम गेलं. एक्सपेलर आला, तेल्याचा घाणा थांबला. ॲल्युमिनियम आलं, मग प्लास्टिक, कुंभाराकडं फक्त रांजण आन संक्रांतीची सुगडं राहिली. मोट गेली, इंजन आलं, चांभाराची मोट शिवायची थांबली. मी ह्याच्यावर रडत नाही कारण त्या बलुत्यात मान कमी आन हात जोडणंच जास्त होतं, खळ्यावर सुपभर दाण्यासाठी उभं राहायचं म्हणजे काय ते त्या घरातल्यांना विचारा. पण पर्याय तयार न ठेवता दोर कापला हे पण खरंच.

बायकांचं आयुष्य बदललं का?

एका मशीननं लै बदललं आन तिचं नाव कुठल्याच पुस्तकात नसतं, पिठाची गिरणी. आमची आजी कोंबडं आरवायच्या आधी जात्यावर बसायची, रोजचं दळण रोज, आठ-दहा माणसांचं खटलं. गावात डिझेल इंजनावरची गिरणी आली, तिच्या धुराड्याला डबडं लावलेलं, गिरणी चालू झाली की कुक-कुक-कुक आवाज शिवारापर्यंत जायचा, तो ऐकून बाया डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. आता शहरातली लोकं म्हणतात जात्यावरच्या ओव्या गेल्या, संस्कृती गेली. आजीला मी विचारलं होतं एकदा, तुला वाईट नाही वाटलं का? ती म्हणाली, ओवी कोण हौसेनं म्हणतंय का, हात दुखू नये म्हणून म्हणायची. त्याच्यावर मी परत काही विचारलं नाही. आता जातं फक्त लग्नात हळदीपुरतं निघतं.

दुसरी बाजू पण आहे. मोकळा झालेला पहाटेचा वेळ बाईला झोपायला मिळाला असं समजू नका, तो दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेला. आन फॅक्टरीत सुरुवातीपासून बायका-पोरं भरली ती स्वस्त म्हणून. इंग्लंडात १८३३ ला कायदा करावा लागला की ९ वर्षांच्या आतलं लेकरू सूतगिरणीत घ्यायचं नाही. म्हणजे त्याच्या आधी घेत होते.

घड्याळाचा एवढा बाऊ का करता सर? पाच मिनिटं तर उशीर झाला.

कारण गेटवर पंचिंग मशीन ओळख दाखवत नाही. आपल्याकडं वेळ म्हणजे कासराभर दिवस वर आला, दिवस कलला, गुरं घरी यायची वेळ. फॅक्टरीत शंभर माणसं एका पट्ट्यावर, एक उशिरा आला तर नव्याण्णव थांबतात, म्हणून भोंगा आला. मुंबईचं स्वतःचं टाइम होतं, १९०६ ला सरकारनं देशभर एक टाइम केला तर तो मुंबईच्या ३९ मिनिटं पुढं, म्हणजे घड्याळात तेच वाजलेले आन उठायचं मात्र ३९ मिनिटं आधी, मग गिरणी कामगारांनी त्याला विरोध केला आन शहरात बॉम्बे टाइम पार १९५५ पर्यंत चालू राहिला. तुम्ही पाच मिनिटांसाठी कोणत्या तोंडानं बोलता, त्यांनी ३९ साठी भांडण केलंय.

कंपनीत जात विचारत नाहीत. मग फॅक्टरीनं जात संपवली का?

हलवली, संपवली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाईचं साचेखातं जास्त पगाराचं. तिथं धोट्यातलं (धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारा) सूत संपलं की नवीन कांडी घालून तिचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचे. धोटा सगळ्यांच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घ्यायचेच नाहीत, कमी पगाराच्या खात्यात ठेवायचे. मालकांनी नाही फक्त, सोबतच्या कामगारांनी पण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा उघड मांडला. मशीन एकच, पण त्याच्यावर बसायचा हक्क एक नव्हता.

आपल्याकडं वाळूजला लाइनवर एकाच डब्यात जेवलोय आम्ही सगळे, हे खरं. आन रूम बघायला गेल्यावर घरमालकानं आधी आडनाव विचारलं, हे पण तेवढंच खरं.

रविवारची सुट्टी आन आठ तास कुणी दिले?

दिले नाहीत, घेतले. नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, गिरणी कामगारांची संघटना त्यांनी बांधली, तेव्हा सुट्टी नसायचीच, असली तर मशीन साफ करायला यायचं. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात तर ७ वर्षांच्या वरचं लेकरू कामाला चालत होतं, दिवसाला ९ तास. लोखंड्यांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पडली. तासांचं म्हणाल तर १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं, आठवड्याचे ५४ तास १९४६ च्या दुरुस्तीत ४८ वर आले आन मग १९४८ चा कारखाना कायदा.

कायदा कागदावर असतो, मशीनवर काय असतं ते सांगतो. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम (वरून दाब देणारा ठोकळा) खाली येतो, म्हणजे हात आत राहूच नये. मी होतो त्या कंपनीत, नाव घेत नाही, एका बटणात आगपेटीची काडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. एका हातानं तुकडा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण, शिफ्टला दोन-अडीचशे पीस जास्त निघायचे. सगळ्यांना माहीत होतं, सुपरवायझरला पण. एका रात्री तिसऱ्या शिफ्टला माझ्या शेजारच्या मशीनवरच्या पोराची दोन बोटं गेली, धाराशिवकडचा होता, लग्न ठरलेलं. रिपोर्टमधे ऑपरेटरची चूक असं लिहिलं. काडी तोपर्यंत कुणीतरी काढून टाकली होती.

ऊसतोडीला जातात ते पण फॅक्टरीचेच कामगार का?

बीडकडं घराला कुलूप दिसलं आन विचारलं कुठं गेले तर उत्तर येतं, कारखान्याला गेलेत. फॅक्टरीच्या नावानं जातात पण गेटच्या आत कधी जात नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, माणसाला हत्याराचं नाव. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास निघायचं, फडाच्या कडंला कोपीत राहायचं, पहाटे थंडीत मोळ्या बांधायच्या, एक दिवस आजारी पडलं तर खाडा, आन वर्ष संपलं तरी उचल फिटत नाही. आतला बॉयलर अटेंडंट, फिटर, केमिस्ट यांना पगार, पीएफ, शिफ्ट. बाहेरच्याला टनावर पैसे. इंग्लंडातल्या गोष्टी वाचून तुम्ही हळहळता, तुमच्यातल्या चौघांचे आईवडील आत्ता फडात आहेत हे मला हजेरीवरून कळतं.

आता हार्वेस्टर यायलेत. काम भयंकर आहे म्हणून जावं असंही वाटतं, आन गेलं तर ह्या लोकांनी जायचं कुठं हेही कळत नाही. मला ह्याचं उत्तर येत नाही, येतं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), रोबोट आले, मग आम्ही फिटर होऊन काय करू?

रोबोटचा गिअरबॉक्स बिघडला की रोबोट येत नाही दुरुस्तीला. शिकत राहा, मराठीतलं असो की इंग्रजीतलं, मॅन्युअल वाचायची सवय लावा. पण गोड बोलत नाही, ज्या लाइनवर वीस जण होतो तिथं आता चार दिसतात आन ते चार पण कंत्राटी.

कंपनीत जॉइन व्हायला जाताना काय न्यायचं?

सर्टिफिकेटच्या झेरॉक्स, चार फोटो, बँक पासबुक, पहिल्या पगारापर्यंत पुरतील एवढे पैसे. सेफ्टी शूज कंपनी देते, नाही दिले तर मागा. बोटातली अंगठी काढा, साखरपुड्याची असली तरी, मनगटातला कडा आन दर्ग्याचा नाहीतर देवीचा धागा पण, लेथ आन ड्रिलजवळ तो देव वाचवत नाही उलट ओढून नेतो. आन प्रेसवर लावलं तर चालू करायच्या आधी दोन्ही बटणं वाकून बघा. काडी खोचलेली दिसली तर पहिल्यांदा ती काढून खिशात घाला, मागं सुपरवायझर बोंबलला तर बोंबलू द्या.